गोल खिडकीतली गल्ली

बर्गनला जायचं ठरलं तेव्हा आम्ही पाच जण जाणार होतो. गेले तीन. मी आणि माझी बायको रत्नप्रभा मागे राहिलो, दोह्यात, मुलाच्या फ्लॅटमध्ये. बिन महमूद नावाचा भाग, चौथा मजला, बाहेर शेहेचाळीस डिग्री आणि आत एसीची घरघर.

चूक कुणालची होती, पण त्याला बोलून उपयोग नव्हता. आमचा कुणाल इथल्या एका गॅस प्रकल्पात इंजिनिअर आहे. त्याला आणि सूनबाईंना, म्हणजे पूर्णिमाला, इथे राहण्याचा परवाना आहे. नात ईशा तर इथेच वाढली. सगळ्यांनी मिळून नॉर्वेला जायचं, सगळ्यांचा व्हिसा एकत्र काढायचा, म्हणून त्याने आम्हा दोघांना दोन महिने आधीच मालवणहून बोलावून घेतलं. व्हिसाच्या कचेरीत खिडकीवरच्या मुलीने आमचे पासपोर्ट चाळले आणि गोड आवाजात सांगितलं, हे दोघे इथले रहिवासी नाहीत, पाहुणे आहेत. यांनी अर्ज आपल्या देशातून करायचा. म्हणजे घरी मालवणात बसलो असतो आणि मुंबईला जाऊन अर्ज केला असता, तर चाललं असतं. मुलाकडे आलो म्हणून अडकलो.

"सॉरी बाबा," कुणाल गाडीत म्हणाला. "मला वाटलं फॅमिली म्हणजे फॅमिली."

परत जाऊन अर्ज करायला वेळ उरला नव्हता आणि त्यांची तिकिटं रद्द होण्यासारखी नव्हती. "तुम्ही जा," मी म्हणालो. हे मी मनापासून म्हटलं नव्हतं. वाटलं होतं, कोणीतरी म्हणेल, 'तुमच्याशिवाय आम्ही नाही जाणार.' कोणी म्हटलं नाही.

रत्नप्रभाला मात्र बरंच वाटलं. "जूनमध्ये पण तिकडे पाऊस आणि गारठा. लोकं जाऊन बघतात काय, तर मासे. मासे काय मालवणात नाहीत?"

मला मासे बघायचे नव्हते. डोंगर नको होते, फ्योर्डही नको होता. फ्योर्ड म्हणजे डोंगरात आत घुसलेला समुद्र. खाड्यांच्या काठीच माझा जन्म गेला. मला तिथली एक गल्ली बघायची होती.

तेविसाव्या वर्षी मी एका मालवाहू जहाजावर स्वयंपाक्याच्या हाताखाली होतो. बटाटे सोलायचे, कांदे चिरायचे, भांडी घासायची. बर्गनला पोचायच्या आदल्या दिवशी समुद्र खवळला आणि उकळत्या पाण्याचं पातेलं माझ्या उजव्या पायावर आलं. धुक्यात जहाज धक्क्याला लागलं तेव्हा मी पाय बांधून बंकवर पडलो होतो. पुढे दहाबारा दिवस जहाज तिथेच उभं राहिलं, काहीतरी यंत्र दुरुस्त होत होतं. बाकीचे खलाशी पाळीपाळीने शहर फिरून आले. मी पाय उलट्या बादलीवर ठेवून बटाटे सोलत राहिलो. वर डेकवर जायला लोखंडी शिडी होती आणि मला पाऊल टेकवत नव्हतं.

भटारखान्याला एक गोल खिडकी होती, परातीएवढी. तिच्यातून पाण्याचा पट्टा दिसे आणि त्याच्या पलीकडे चढावर पांढरी लाकडी घरं. घरांच्या मधून एक गल्ली सरळ वर गेलेली, सगळी पायऱ्यांची, मधोमध लोखंडी कठडा. वरच्या टोकाला एक पिवळं घर आडवं उभं, गल्लीची वाट अडवून. रोज सकाळी एक बाई त्या घराच्या पायरीवर येऊन चादर झटकायची. एक म्हातारा हातात पिशवी घेऊन चढायचा आणि थोड्या थोड्या पायऱ्यांवर थांबून मागे वळून पाण्याकडे बघायचा. मला वाटायचं, तो आमचं जहाज बघतोय. मी ठरवलं होतं, पाय टेकवता आला की पहिलं त्या गल्लीत जायचं, वर चढायचं आणि तो बघतो तसं वळून आपलं जहाज, आपली खिडकी बघायची. पाय बरा व्हायच्या आत जहाज सुटलं. पुढे नोकरीत पुष्कळ बंदरं झाली, बर्गन पुन्हा लागलं नाही.

"गल्लीचं नाव सांगा, मी मॅपवर टाकतो," कुणाल जायच्या आधी म्हणाला होता.

"नाव माहीत नाही."

"पाटी असेल ना?"

"एवढ्या लांबून पाटी कशी दिसेल? आणि दिसली असती तरी तेव्हा मला वाचता येत नव्हतं."

नाव नसलं तरी जागा मला माहीत होती. निदान तसं मला वाटत होतं. बर्गनचा कुठलाही फोटो काढा, त्यात पाण्याच्या काठी रंगीत लाकडी घरांची एक ओळ असते, ब्रिगन म्हणतात तिला, आणि तिच्या मागे डोंगर, डोंगरावर पांढरी घरं. दोन महिने मी कुणालच्या लॅपटॉपवर तेच फोटो बघितले. ईशाने रस्त्यांचे फोटोही फिरवून दाखवले, पण ते फोटो काढणारी गाडी पायऱ्यांवर चढत नाही. डोंगर तोच, घरं तीच. मी ठरवून टाकलं की गल्ली तिथेच, रंगीत घरांच्या मागे.

तीन दिवस ते शहरात फिरत होते आणि रोज 'उद्या नक्की' म्हणत होते. आज शेवटची सकाळ. अकरा वाजता त्यांची फ्योर्डात जाणारी बोट होती, ती पकडली की ते पुढच्या गावाला. गल्ली बघायची तर आताच.

साडेनऊला फोन वाजला. तिकडे साडेआठ. मी टॅबलेट पोळ्यांच्या डब्याला टेकवून ठेवला, चष्मा पुसला. पडद्यावर कुणालचं कपाळ आलं, मग नाक, मग कुणाल आणि पूर्णिमा गालाला गाल लावून, आणि मागे ईशाचा अर्धा चेहरा.

"हाय बाबा! दिसतोय का आम्ही?"

"दिसताय. बाजूला व्हा."

"काय?"

"बाजूला व्हा म्हटलं. मागचं दाखव."

"काय गो पूर्णिमा," रत्नप्रभा माझ्या खांद्यावरून वाकली, "नाक किती लाल झालंय तुझं. टोपी कुठाय?"

"आहे आई, खिशात आहे."

"खिशाला सर्दी झाली काय?"

आमच्याकडे व्हिडिओ कॉल म्हणजे तोंडं बघायची असतात. तीन दिवस हेच चाललं होतं. ते मासळी बाजारात गेले तेव्हा मला दिसली कुणालची हनुवटी, आणि हनुवटीच्या मागे कुठेतरी एका खेकड्याची नांगी. डोंगरावर जाणाऱ्या छोट्या रेल्वेत बसले तेव्हा ईशाचे दात. एक अख्खं शहर माझ्या घरच्या माणसांच्या कानांमागून डोकावत होतं.

तेवढ्यात पडद्याचे दोन तुकडे झाले आणि दुसऱ्या तुकड्यात नाशिकहून माझी धाकटी बहीण विभावरी अवतरली.

"हिला कोणी बोलावलं?" मी म्हणालो.

"फॅमिली ग्रुपवरून लावला ना बाबा, आत्याने जॉइन केलं," कुणाल म्हणाला.

"दादा, मला सगळं ऐकू येतंय बरं. मी काय परकी आहे? कुणाल, ते हरणांचे स्वेटर दाखव रे. काल म्हणालास ना, दुकानं तिथेच आहेत."

"आत्या, दुकानं दहाला उघडतात."

"मग काचेतून दाखव."

कुणालने काचेतून दाखवलं. विभावरीने किंमत विचारली, तिचे रुपये केले, आणि तेवढ्या पैशांत नाशिकला काय काय येईल ते सांगितलं. रत्नप्रभाने त्यात भर घातली. मी टेबलावर बोटं वाजवत बसलो. पावणेनऊ झाले होते तिकडे.

"कुणाल, वर चढ," मी शेवटी ओरडलो.

"कित्याक ओरडतास?" रत्नप्रभा म्हणाली. चिडली की तिची मालवणी वर येते. "शेजारी काय म्हणतले?"

"शेजारी ऑफिसला गेलेत."

ते तिघे रंगीत घरांच्या मागे गेले आणि चढायला लागले. पाऊस पडत होता, आपल्यासारखा धो धो नव्हे, नुसता बारीक, न थांबणारा. कुणालचा हात हलत होता आणि पडद्यावर ओले दगड, आकाश, ओले दगड, ईशाचे बूट असं फिरत होतं. मला गरगरायला लागलं. जहाजावर मला कधी समुद्र लागला नाही, तो त्या सकाळी जेवणाच्या टेबलाशी लागला.

"ही का बाबा?"

"कठडा कुठाय?"

"हा काय, भिंतीला."

"मधोमध हवा."

"पंचेचाळीस वर्षांत हलवला असेल कठडा."

"गल्ली सरळ हवी. ही वाकडी आहे."

"मग गल्ली पण हलवली असेल, बाबा."

विभावरी हसली. मी लक्ष दिलं नाही. दुसरी गल्ली वाकडी निघाली. तिसरीला पायऱ्याच नव्हत्या. चौथीत पिवळं घर होतं, पण खालच्या टोकाला. प्रत्येक गल्लीत कुणाल आधी स्वतःचा चेहरा दाखवायचा, धापा टाकायचा, मग कॅमेरा फिरवायचा, आणि फिरवेपर्यंत नेट अडकायचं.

"आजोबा, आय ॲम फ्रीझिंग," ईशा म्हणाली. "कॅन वी प्लीज गो?"

"पाच मिनिटं, बाळा."

"यू सेड दॅट बिफोर."

तेवढ्यात दाराची बेल वाजली. दिलावर आला होता, इमारतीतले एसी दुरुस्त करणारा. त्याला रत्नप्रभानेच बोलावलं होतं, पाणी गळतं म्हणून, आणि तो नेमका आता आला.

"बाद में आना, भाई," मी म्हणालो.

"चाचा, आज नहीं तो फिर संडे. बस पाँच मिनट. यल्ला," म्हणजे चला, असं म्हणत तो स्टूल घेऊन चढलासुद्धा. एसी बंद झाला. दोन मिनिटांत खोली तापली, माझ्या कपाळावरून घाम चष्म्यावर यायला लागला, आणि पडद्यावर माझा मुलगा थंडीने हात चोळत होता.

"बाबा, दहा वाजत आले," कुणाल म्हणाला. "आता अजून किती वर?"

"फार वर नव्हती ती. पाण्याजवळून सुरू व्हायची."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तू विचारलंस कुठे? तू स्वेटर दाखवत होतास."

"दादा, माझ्यावर कशाला?" नाशिकहून आवाज आला.

दिलावरने एसीचा बाहेरचा भाग बघायला पडदा सरकवला, आणि माझे डोळे दिपले. आमच्या खिडकीत सकाळी ऊन येत नाही. ते समोरच्या इमारतीवर पडतं आणि तिच्या काचांवरून आमच्या डोळ्यांत येतं. आमच्या खिडकीत येतं ते संध्याकाळी, जेव्हा समोरची इमारत काळी पडते. दोन महिने रोज बघत होतो मी हे. डोळ्यांवर हात धरला आणि हातातली सुरी आठवली. बटाटे सोलायचं काम सकाळचं. त्या दहाबारा दिवसांत जेव्हा जेव्हा ऊन पडलं, तेव्हा सकाळी ती पांढरी घरं अशीच पेटल्यासारखी दिसायची, मला सुरी सोडून डोळ्यांवर हात धरावा लागायचा. आणि संध्याकाळी भांडी घासताना तीच घरं काळी.

म्हणजे मी मावळतीकडे बघत होतो. कुणाल चढत होता तो डोंगर उगवतीला होता.

"कुणाल! थांब. खाली उतरा."

"का? काय झालं?"

"चुकलं माझं. गल्ली त्या बाजूला नाही. पाण्याच्या पलीकडे आहे."

नेटमुळे माझं बोलणं तिकडे उशिरा पोचायचं. तो त्या दोघींसकट पडद्यावर गोठल्यासारखा उभा होता, मग त्याच्या कपाळावर आठी पडली.

"पलीकडे म्हणजे?"

"आमचं जहाज तू आहेस त्या काठाला लागलं होतं. रंगीत घरांच्याच बाजूला. माझी खिडकी जहाजाच्या दुसऱ्या अंगाला होती, ती पलीकडच्या काठाकडे बघत होती. मी धक्क्याची बाजू कधी पाहिलीच नाही रे. फोटोत डोंगर बघितला आणि वाटलं, हाच."

"बाबा, एक तास आम्ही पावसात चढतोय."

"माहीत आहे मला."

"लहानपणी पण हा असाच," विभावरी म्हणाली. "जत्रेत मला..."

"विभा, फोन ठेव."

"ठेवते. मला काय गरज पडलीय." तिचा तुकडा गेला.

"खलास, बाबा," कुणाल म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण ऑफिसातून आल्यावर येतो तसा झाला होता. "आता हॉटेलवर जाऊन बॅगा घ्यायच्या, चेकआउट करायचं, धक्क्यावर पोचायचं. गल्लीचं राहू दे. मी तुम्हाला यूट्यूबवर काढून देतो."

बोललो असतो तर वाईट बोललो असतो. व्हिसाचं निघालं असतं, दोन महिन्यांचं निघालं असतं. रत्नप्रभाने माझ्या पाठीवर हात ठेवला, तो मी झटकला.

"कुणाल, तू आणि ईशा बॅगा घेऊन या," पूर्णिमा म्हणाली. "मी पलीकडून धक्क्यावर येते. वाटेतच आहे."

"वाटेत नाहीये, पूर्णिमा."

"मग मी वाट तिकडून करते."

माझी सून पुण्याची. बँकेत काम करते. लग्नाला पंधरा वर्षं होऊन गेली, पण माझ्याशी बोलताना अजून वाक्य मनात तयार करून बोलते, आणि मीही तिच्याशी तसाच बोलतो. त्या सकाळभर ती जवळजवळ गप्प होती. कुणालचा फोन बंद झाला आणि थोड्या वेळाने तिच्या फोनवरून कॉल आला. पडद्यावर तिचा चेहरा, केस ओले, डोक्याला टोपी अजून नाहीच.

"बाबा, मी कॅमेरा उलटा करते. म्हणजे तुमच्याकडे पाठ होईल. चालेल ना?"

"चालेल. तेच हवंय."

मग मला पहिल्यांदा बर्गन दिसलं. ओला रस्ता, उजव्या हाताला राखी पाणी, पाण्यात उभ्या शिडाच्या होड्या. तिने फोन छातीशी धरला होता आणि तो हलत नव्हता. मागे रंगीत घरं गेली. पुढे मासळी बाजाराचे तंबू आले. एक माणूस बर्फाचं खोकं ओतत होता.

"हळू चाल," मी म्हणालो.

"हळू चालून चालणार नाही, बाबा. तुम्ही बोलत राहा, नाहीतर वाटतं फोन कट झाला."

"बोलतोय. पाणी उजव्या हाताला ठेव. वळसा घालून दुसऱ्या काठाला जा. मग चढाची बाजू डावीकडे येईल."

"बरोबर आहे. आली."

दिलावर स्टुलावरून वाकून बघत होता. "चाचा, ये तो बहुत ठंडा लगता है," तो म्हणाला. "तू एसी बघ," रत्नप्रभा त्याला मराठीतच म्हणाली, आणि त्याला ते कळलं.

पलीकडच्या काठाला पहिली गल्ली लागली ती एका खाणावळीच्या मागे कचऱ्याच्या डब्यांशी संपली. दुसरी चढून पूर्णिमा वर गेली, तिथे गाड्या लावायची जागा होती. ती परत उतरली. धापा ऐकू येत होत्या. मध्येच दुसरा फोन वाजायला लागला, कुणालचा असणार. तिने तो कापला.

"तुझी बोट," मी म्हणालो.

"बघू."

"पूर्णिमा, जा तू. पुरे झालं."

"बाबा, एवढी आले तर अजून एक बघते. ही बघा. मधोमध कठडा आहे."

कठडा मधोमध होता. नवा होता, चकचकीत, पण मधोमध. पायऱ्या सरळ वर गेलेल्या. दोन्हीकडे पांढरी घरं, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या. मी टॅबलेट हातात उचलून डोळ्यांजवळ धरला. वरच्या टोकाला एक घर आडवं उभं होतं. ते पिवळं नव्हतं, पांढरंच होतं.

"पिवळं हवं होतं ना?" पूर्णिमाने विचारलं.

"चढ. घराच्या दारापर्यंत चढ."

ती चढली. दर पायरीला पडदा थोडा उचलला जायचा. काचेवर थेंब पडले की ती थांबून ओढणीने पुसायची. घर जवळ आलं. दार उजव्या कोपऱ्यात, दाराला बाहेर आलेली एक मोठी पायरी, एक माणूस उभं राहून चादर झटकेल एवढी. दाराच्या चौकटीपाशी रंगाचा एक पोपडा निघाला होता आणि त्याच्या खाली जुना रंग दिसत होता.

"पिवळा आहे खालचा," पूर्णिमा म्हणाली. तिचं नख पडद्यावर दिसलं. "बाबा, पिवळा आहे!"

"हीच."

"नक्की?"

"हीच गो. आता वळ. पाण्याकडे वळ."

ती वळली. पडद्यावर नुसता धूसर पांढरा ढग आला. "पूस," मी म्हणालो. तिने पुसलं. खाली गल्लीच्या पायऱ्या, मग रस्ता, मग पाणी, आणि पाण्याच्या पलीकडे धक्का. धक्क्याला एक जहाज लागलेलं होतं, मधल्या आकाराचं, निळं. त्याच्या डेकवर एक माणूस दोरखंड गुंडाळत होता. त्याच्या जाकिटाचा रंग केशरी होता. त्याची टोपी दिसत होती. त्याने हात वर करून नाक पुसलं, ते मला दिसलं.

मी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बाबा? दिसतंय का?"

"पूर्णिमा, तो धक्का किती लांब आहे?"

"तो समोरचा? हा काय, इथेच. मी तिथूनच नाही का आले?"

"किती वेळ लागला तुला तिथून?"

"मधल्या दोन गल्ल्या सोडल्या तर पंधरा मिनिटं. तेवढीसुद्धा नसतील."

गोल खिडकीतून ते पाणी मला केवढं रुंद वाटायचं. मी समजत होतो, पलीकडे जायला होडी लागते. कोणाला विचारलं नाही. पलीकडे काय, अलीकडे काय, मला सगळं त्या परातीएवढ्या काचेतून कळल्यासारखं वाटत होतं. पंधरा मिनिटं. पायाला फडकं बांधून, काठी धरून, दर चार पावलांवर बसत गेलो असतो तरी तासाभरात पोचलो असतो. शिडीवर दोघांनी धरून चढवलं असतं. स्वयंपाक्याने दोन शिव्या दिल्या असत्या, एवढंच. त्या म्हाताऱ्याला मी खिडकीतून नाक पुसतानाही दिसलो असेन.

"पंधरा मिनिटं!" मी टेबलावर मूठ आपटली. डबा पडला, टॅबलेट माझ्या हातात होता म्हणून वाचला.

"बाबा, रडताय का?"

"रडत नाहीये. चिडलोय."

"माझ्यावर?"

"तुझ्यावर कशाला? तू जा. बोट गाठ."

तिकडून भोंगा ऐकू आला, लांब, आणि पूर्णिमाने कॅमेरा जरा उजवीकडे वळवला. एक पांढरी बोट काठापासून सुटून पाण्यात वळत होती.

"गेली," ती म्हणाली. मग कॅमेरा उलटा झाला आणि तिचा चेहरा आला, भिजलेला, आणि ती हसत होती. "आता तुम्हाला हवं तेवढं बघा. फ्योर्ड उद्याही तिथेच असेल."

मी बघितलं. तिने उजवीकडे दाखवलं, डावीकडे दाखवलं, घराची मागची बाजू दाखवली. पण माझं लक्ष पुन्हा पुन्हा त्या निळ्या जहाजावर जायचं, आणि गेलं की राग यायचा.

अर्ध्या तासाने कुणालचा फोन आला. तो बॅगांवर बसला होता. त्याच्या मागे ईशा मासळी बाजारातल्या तंबूत काहीतरी गरम पीत होती; बोट चुकल्याचं तिला काही वाटलेलं दिसत नव्हतं.

"बाबा, बोट गेली," तो म्हणाला.

"ऐकली. वाईट वाटलं. कुणाल, आमची परतीची तिकिटं ऑगस्टची आहेत ना? ती पुढच्या आठवड्यातली कर."

"रागावलात?"

"रागावलोय. पण तिकिटं त्यासाठी नव्हेत. मुंबईला जाऊन अर्ज करतो. आपल्या देशातून करा म्हणाली ना ती मुलगी, मग आपल्या देशातून करतो."

"बाबा, अपॉइंटमेंट, कागद, ह्या सगळ्यात थंडी सुरू होईल. तिकडे तेव्हा तीन वाजता अंधार पडतो. तुम्हाला चढवणार नाही."

"पंधरा मिनिटं चालायचंय मला. अंधारात चालेन."

"एकटेच?"

मी रत्नप्रभाकडे बघितलं. ती खाली वाकून डब्यातून सांडलेल्या पोळ्या गोळा करत होती. तिने ऐकलं होतं, पण ती लगेच वर बघेना. एक पोळी झटकली, घडी घातली, डब्यात ठेवली.

"दोघं," ती म्हणाली. "पण मी काय चढायची नाय हां. खाली जहाजांकडे उभी ऱ्हवतलंय."

"उभी राहा. मी वरून हाक मारीन."

"पाऊस असलो तर ऐकू यायची नाय," ती म्हणाली आणि डब्याला झाकण लावलं.